मॅक्स फॅक्टर : एका रंगभूषाकाराची कमाई

मॅक्स फॅक्टर हे नाव आपल्याकडे अनेकांनी वाचलेले आहे, पण ते डबीच्या झाकणावर. साबण किंवा टूथपेस्ट यांना कारखानदार जशी नावे शोधून काढतात, तसेच हेही एखादे बनवून काढलेले नाव असावे अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः या नावाचा एक हाडामांसाचा माणूस होऊन गेला. तो पोलंडमधल्या एका गरीब ज्यू कुटुंबात जन्मला, शाळेत जाण्याचे भाग्य त्याला जवळजवळ लाभलेच नाही, आणि आयुष्याची पहिली तीसएक वर्षे तो दुसऱ्यांच्या मर्जीवर जगला. त्याचे चरित्र आज आठवण्याचे कारण असे की, चेहरा रंगविण्याची कला हा अलीकडे आपल्या शहरांतून, तालुक्याच्या गावांतूनसुद्धा, एक स्वतंत्र व्यवसाय म्हणून पुढे येत आहे. तीन महिन्यांचे आणि सहा महिन्यांचे वर्ग निघाले आहेत, प्रमाणपत्रे वाटली जात आहेत. बारावी झालेली मुलगी या वर्गाला जाते म्हणते तेव्हा आईबाप शेजारच्या शिक्षकांना विचारतात की, यावर पोट भरेल काय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर वर्गाच्या माहितीपत्रकात मिळत नाही. एखाद्याच्या आयुष्यात मात्र ते थोडेफार सापडते.

मॅक्सिमिलियन फाक्तोरोविच हे त्याचे मूळ नाव. जन्म लॉड्झ शहराच्या परिसरातला. चरित्रकार जन्मवर्ष १८७२ किंवा १८७७ असे देतात. गरिबाच्या घरी जन्मलेल्या मुलाची तारीख जपून ठेवण्याची चाल तिकडेही नसावी. पोलंडचा हा भाग तेव्हा रशियाच्या झारच्या अंमलाखाली होता आणि ज्यूंना तेथे सन्मानाने जगणे कठीण होते. भावंडे पुष्कळ, मिळकत थोडी. वयाच्या आठव्या-नवव्या वर्षी हा मुलगा कामाला लागला आणि लवकरच टोप बनविणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. टोप बनविणे म्हणजे बारीक जाळीत माणसाचा एकेक केस आकडीने ओढून त्याची गाठ मारीत जाणे. केस कोणत्या दिशेने वळावा, कपाळाशी किती विरळ असावा आणि टाळूवर किती दाट, याचे भान बोटांना यावे लागते. आपल्याकडे नाटकमंडळ्यांसाठी टोप आणि गंगावने तयार करणारी जी जुनी माणसे होती, त्यांना या कामाची किंमत ठाऊक होती. नाटकाच्या जाहिरातीत त्यांचे नाव आले तर ते अगदी तळाशी आणि बारीक टायपात. फॅक्टरच्या पुढच्या सगळ्या वैभवाचा पाया मात्र या केसाच्या गाठीत आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पुढे बर्लिनमध्ये एका नामांकित केशभूषाकाराकडे आणि तेथून मॉस्कोला शाही ऑपेराचे टोप व रंग पुरविणाऱ्या दुकानात त्याने काम केले. मग रशियन सैन्यातली सक्तीची नोकरी आली. ती संपल्यावर त्याने मॉस्कोच्या आग्नेयेला रियाझान या गावी स्वतःचे छोटे दुकान थाटले. हाताने घोटलेली मलमे, गालांची लाली, अत्तरे आणि टोप असा माल. एक फिरती नाटक मंडळी गावात आली, त्याच्याकडून सामान घेऊन गेली, तिचा प्रयोग दरबारातल्या मंडळींसमोर झाला आणि रंग कोणाचे म्हणून चौकशी झाली. रियाझानचा दुकानदार राजघराण्याचा आणि शाही ऑपेराचा सौंदर्यतज्ज्ञ झाला.

राजाश्रय ही वस्तू कलावंताला मोठी मोहाची वाटते. पण या राजाश्रयाला पहारा जोडलेला होता. त्याला आपल्या इच्छेने कोठे जाता येत नसे. त्याने लग्न केले तेही लपून, मुले झाली तीही जगापासून दूर ठेवून. दरबारातल्या बायकांच्या चेहऱ्यावरचे डाग झाकणारा हा माणूस स्वतःचे बायकामुलांचे आयुष्य झाकून जगत होता. देशात ज्यूंविरुद्धचे दंगे वाढू लागले तेव्हा त्याने निसटण्याचे ठरविले. या सुटकेची एक हकीकत त्याच्या घराण्यात सांगतात. त्याने आपल्या चेहऱ्याला पिवळट रंग लावून कावीळ झाल्याचा आभास निर्माण केला, वैद्यांनी कार्ल्सबादच्या झऱ्यांवर हवापालटाला जाण्याचा सल्ला दिला, आणि तेथून तो बायकामुलांसह पसार झाला. घराण्यातल्या कथांना तिखटमीठ लागते; ही कथाही त्याला अपवाद असेल असे नाही. परंतु १९०४ च्या फेब्रुवारीत हे कुटुंब न्यूयॉर्क बंदरात उतरले हे निश्चित आहे. फाक्तोरोविचचा फॅक्टर झाला तो या नव्या देशात.

अमेरिकेत पाऊल ठेवताच नशीब उघडले, अशा गोष्टी आपण पुष्कळ वाचतो. फॅक्टरचे तसे झाले नाही. १९०४ साली सेंट लुई येथे भव्य जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे त्याने लाली, मलमे आणि टोप यांचा गाळा लावला. इंग्रजी येत नव्हते म्हणून एक भागीदार घेतला. त्या भागीदाराने माल आणि गल्ला दोन्ही घेऊन पोबारा केला. नातलगांनी हात दिला म्हणून केशकर्तनाचे दुकान तरी उभे राहिले. १९०६ च्या मार्चमध्ये पत्नी एस्तर मेंदूतील रक्तस्रावाने अकस्मात वारली. घरात चार मुले. त्याने त्याच वर्षी दुसरे लग्न केले. ते टिकले नाही, एक मुलगा मात्र झाला. १९०८ मध्ये तिसरे लग्न करून तो सारा संसार घेऊन लॉस एंजेलिसला गेला. तिकडे चित्रपट नावाचा नवा धंदा येऊ घातला होता.

येथे थोडे थांबून त्या काळच्या चित्रपटाची अडचण समजावून घेतली पाहिजे, कारण फॅक्टरचे कर्तृत्व त्या अडचणीशी बांधलेले आहे. नाटकात प्रेक्षक दूर बसतो, प्रकाश अंधूक असतो. तेथे चरबीत घोटलेल्या रंगाच्या जाड कांड्या चेहऱ्यावर थापल्या तरी चालत. लुडविग लाइख्नर या जर्मन ऑपेरा गायकाने १८७३ मध्ये शिसे नसलेल्या अशा कांड्यांचा कारखाना काढला होता आणि जगभरच्या रंगपटांत त्याचाच माल चाले. फॅक्टरही लॉस एंजेलिसमध्ये लाइख्नरचाच विक्रेता होता. पण कॅमेरा हा फार जवळ येऊन पाहणारा प्रेक्षक आहे. कांडीचा रंग वाळला की त्याला भेगा पडत. नट हसला की त्याचा गाल उन्हाळ्यातल्या शेतासारखा फाटे. त्यातून त्या काळची फिल्म तांबड्या रंगाबाबत आंधळी होती. लाल ओठ पडद्यावर काळे दिसत आणि निळे डोळे पांढुरके. नटमंडळी व्हॅसलीन आणि पीठ असली मिश्रणे स्वतःच कालवून तोंडाला फाशीत. हे सारे फॅक्टर आपल्या दुकानाच्या उंबरठ्यावरून पाहत होता, आणि फावल्या वेळी चित्रणाच्या जागी जाऊन उभा राहत होता. १९१४ मध्ये त्याने बारा छटांचा, मऊ मलमासारखा, पातळ लागणारा आणि न तडकणारा रंग तयार केला. बस्टर कीटन, रॉस्को आर्बकल, बेन टर्पिन हे विनोदी नट सकाळी चित्रणापूर्वी त्याच्या दुकानात येऊन बसू लागले. ज्यांचे सारे भांडवल चेहरा वाकडातिकडा करण्यात होते, त्यांना न तडकणाऱ्या रंगाचे महत्त्व आधी कळावे हे स्वाभाविकच म्हणायचे.

त्याच सुमाराची टोपांची गोष्ट मला त्याच्या चरित्रात सर्वांत बोलकी वाटते. निर्मात्यांना खऱ्या केसांचे टोप विकत घेणे परवडत नसे आणि घोड्याच्या शेपटीचे किंवा लोकरीचे टोप पडद्यावर हास्यास्पद दिसत. फॅक्टरने आपले टोप भाड्याने देण्यास सुरुवात केली. अट एक, की आपल्या मुलांना त्या चित्रपटात गर्दीतल्या भूमिका मिळाल्या पाहिजेत. मुले दिवसभर टोपांवर नजर ठेवीत आणि संध्याकाळी ते मोजून परत आणीत. वर त्यांना रोज मिळे तो निराळा. सेंट लुईच्या भागीदाराने शिकविलेला धडा हा माणूस विसरला नव्हता. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या कारागिराचे खरे दुखणे येथे आहे. त्याच्या हातचे काम संध्याकाळी पाण्याने धुऊन जाते. उद्या दाखवायला काही उरत नाही, भाड्याने द्यायला काही राहत नाही. फॅक्टरने हे ओळखले आणि हाताच्या कसबाबरोबर एक टिकाऊ वस्तू स्वतःच्या मालकीची ठेवली. आधी टोप, मग रंग. चित्रसंस्था त्याची गिऱ्हाइके होती. तो त्यांपैकी कोणाचाच नोकर नव्हता.

१९२२ मध्ये तो युरोपच्या दौऱ्यावर गेला असता आपण ज्याचा माल वर्षानुवर्षे विकला त्या लाइख्नरच्या कचेरीत भेटीस गेला. त्याला बाहेरच ताटकळत ठेवण्यात आले. बराच वेळ बसून तो उठला आणि मुलांना तार केली की आपला रंग नळ्यांत भरून विकावयास काढा. आपल्या एखाद्या सरकारी कचेरीच्या बाकावर ज्यांनी दुपार काढली आहे त्यांना त्याच्या मनःस्थितीची कल्पना येईल. १९२५ मध्ये ‘बेन हर’च्या चित्रणासाठी फिकट ऑलिव्ह छटेच्या सहाशे गॅलन रंगाची मागणी त्याच्याकडे आली. इटलीत घेतलेल्या दृश्यांतील सावळ्या गर्दीशी अमेरिकेत घेतलेल्या गोऱ्या गर्दीची कातडी जुळवायची होती.

चित्रपट बोलू लागले तेव्हा नवी अडचण उभी राहिली. जुन्या कार्बनच्या दिव्यांचा आवाज ध्वनिमुद्रणात येई, म्हणून तंतूचे दिवे आले, आणि त्यांच्याबरोबर सर्व रंगांना प्रतिसाद देणारी नवी फिल्म. जुना रंग या नव्या फिल्मवर निरुपयोगी ठरला. १९२८ मध्ये फॅक्टरने या फिल्मसाठी रंगांची नवी मालिका सिद्ध केली आणि हॉलिवूडच्या अकॅडमीने त्याबद्दल त्याचा गौरव केला. ज्याला शाळा ठाऊक नाही असा माणूस प्रकाश, रसायन आणि कातडी यांचा संबंध अभियंत्यांना समजावून सांगत होता. सहा महिन्यांच्या वर्गात ब्रश कसा धरावा हे शिकविले जात असेल. दिवा बदलला की रंग का बदलतो हे किती ठिकाणी शिकविले जाते, याची चौकशी पालकांनी फी भरण्यापूर्वी जरूर करावी.

‘मेकअप’ हा शब्द घरोघर पोचविण्याचे श्रेयही फॅक्टरला दिले जाते. तोपर्यंत तो शब्द रंगपटातला, म्हणजे प्रतिष्ठित समाजाच्या दृष्टीने थोडा हलका. १९२० मध्ये मुलगा फ्रँक याच्या सूचनेवरून त्याने आपल्या मालासाठी तो उघडपणे वापरण्यास सुरुवात केली. पडद्यावरच्या नटीच्या चेहऱ्यावर जे आहे तेच आपल्यालाही मिळू शकते, ही कल्पना कारकुनाच्या बायकोपर्यंत आणि टंकलेखिकेपर्यंत गेली. नट्यांची छायाचित्रे त्याच्या जाहिरातींत येत आणि त्या जाहिरातींत त्यांच्या चित्रपटांचाही उल्लेख असे. दोन्ही पक्षांची सोय होती.

या टप्प्यावर मात्र माझे त्याच्याविषयीचे कौतुक थोडे आखडते. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याने चेहरा मोजण्याचे एक यंत्र तयार करविले. धातूच्या पट्ट्यांचा सांगाडा डोक्यावर चढवायचा, स्क्रू आवळायचे आणि आदर्श चेहऱ्यापासून हा चेहरा कोठे किती ढळला आहे ते वाचायचे. रंगभूषाकाराला चुका हेरण्यास मदत व्हावी एवढाच हेतू होता असे म्हणता येईल. पण हा आदर्श चेहरा कोणाचा? १९३५ मध्ये हायलँड मार्गावर त्याचे जे आलिशान सौंदर्यमंदिर उघडले, त्यात सोनेरी, तांबूस, काळ्या आणि तपकिरी केसांच्या स्त्रियांसाठी वेगवेगळ्या रंगांची चार दालने होती. केस चार प्रकारचे मानले, पण कातडी मात्र गोरीच गृहीत धरली. ज्याला त्याच्या जन्मावरून रशियात हिणविले गेले, त्याने चेहऱ्यांची अशी प्रतवारी करावी याचे वाईट वाटते. आपल्याकडे लग्नाच्या दिवशी सावळ्या नवरीला दोन छटा उजळ करून बोहल्यावर उभी करण्याचा जो परिपाठ पडला आहे, त्याची मुळे आपल्याच समाजात खोल आहेत, फॅक्टरला त्याचा दोष देता येणार नाही. परंतु डब्यांवरच्या छटांची यादी बनविणाऱ्यांनी तो परिपाठ सोपा करून दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्याच्या कारखान्यातले अखेरचे मोठे काम म्हणजे पॅनकेक. रंगीत चित्रपट आला तेव्हा चरबीयुक्त रंगाची चकाकी आसपासचे रंग परावर्तित करू लागली. हिरव्या पडद्याजवळ उभ्या राहिलेल्या नटीचा गाल हिरवट दिसे. फ्रँकच्या साहाय्याने कोरड्या वडीच्या रूपातला, ओल्या स्पंजाने लावायचा, न चकाकणारा रंग तयार झाला आणि १९३७ मध्ये पडद्यावर आला. चित्रणाच्या जागेवरून नट्या त्या वड्या घरी नेऊ लागल्या. मग तो बाजारात आणणे भागच पडले. पॅनकेक हा शब्द आपल्या रंगपटांत इतका रुळला की तो एका कारखान्याचा माल आहे हे कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत हा पॅनकेक गाड्या भरभरून येई, असे तेथे नोकरी केलेले तमिळ साहित्यिक अशोकमित्रन यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. सफेदा, पिवडी, हिंगूळ आणि काजळ यांवर वाढलेल्या आपल्या रंगभूमीनेही ही वडी हळूहळू आपलीशी केली.

फॅक्टरच्या यशाने दिपून जाण्यापूर्वी त्याच शहरातल्या दुसऱ्या एका कारागिराची आठवण ठेवावी. जॅक पिअर्स हा ग्रीसमधून आलेला. युनिव्हर्सल चित्रसंस्थेचा रंगभूषाकार. १९३१ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मधील त्या राक्षसाचा चेहरा, जो आज जगातले कोणतेही पोर ओळखते, तो पिअर्सने बोरिस कार्लॉफच्या चेहऱ्यावर रोज तासन् तास खपून घडविला. कसबात तो फॅक्टरहून तिळभरही उणा नव्हता. पण तो संस्थेचा माणूस होता. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात व्यवस्थापन बदलले, जलद आणि स्वस्त काम करणाऱ्यांना मागणी आली, आणि पिअर्सला जावे लागले. उरलेली वर्षे त्याने लहानसहान चित्रपट आणि दूरचित्रवाणीच्या मालिका यांत काढली. १९६८ मध्ये तो वारला. त्याने घडविलेल्या चेहऱ्यावर कंपन्यांनी अमाप पैसा मिळविला, त्यातला वाटा त्याच्याकडे आला नाही. रंगभूषेसाठी अकॅडमीचे नियमित पारितोषिक सुरू झाले ते १९८१ च्या चित्रपटांपासून.

मुंबईचा रंगभूषाकार या दोघांपैकी कोणाच्या वाटेने जातो हे सांगावयास नको. तो हजेरीवर काम करतो. पाळी संपली की पेटी उचलून पुढच्या पत्त्यावर जातो आणि पैसे महिन्या-दोन महिन्यांनी मागत राहतो. म्हणून संघटना आवश्यक असते, आणि मुंबईत ती होतीही. पण या संघटनेच्या नियमांनी स्त्रियांना रंगभूषाकाराचे कार्ड नाकारले होते. स्त्रीने केस विंचरावेत, चेहरा पुरुषाने रंगवावा, अशी विभागणी अनेक दशके चालली. स्त्रिया रंगभूषेत आल्या तर पुरुषांची रोजी जाईल, हा त्यामागचा विचार. संघटनेच्या तपासनीसांनी चित्रणस्थळी येऊन एखाद्या बाईचे काम बंद पाडावे, इथपर्यंत मजल गेली होती. प्रशिक्षण घेऊन आलेल्या एका रंगभूषाकार महिलेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने हे बंधन घटनाबाह्य ठरविले. पाच वर्षे महाराष्ट्रात वास्तव्य असल्याची अटही त्याबरोबर गेली. निकाल समानतेच्या आणि उपजीविकेच्या हक्कावर आधारलेला होता. ज्या राज्यात स्त्री-शिक्षणाचा पाया घातला गेला, तेथे एखाद्या बाईला दुसऱ्या बाईच्या गालाला रंग लावण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले, याची खंत आपल्या वृत्तपत्रांनी फारशी व्यक्त केली नाही. कार्ड मिळाले म्हणजे काम मिळते असे नाही. पाळीचे तास, थकलेले पैसे, रात्री उशिरा घरी पोचण्याची सोय हे प्रश्न आजही दारात उभे आहेत, आणि प्रमाणपत्र देणाऱ्या वर्गांत त्यांचा उच्चारही होत नाही.

१९३८ मध्ये फॅक्टर मुलगा डेव्हिस याच्यासमवेत युरोपात गेला होता. पॅरिसमध्ये असताना त्याला खंडणीची आणि ठार मारण्याची धमकी देणारी चिठ्ठी आली. झारच्या पहाऱ्यातून निसटलेला हा म्हातारा त्या धक्क्यातून सावरला नाही. त्याला घाईने अमेरिकेत परत नेण्यात आले आणि ३० ऑगस्ट १९३८ रोजी त्याचे निधन झाले. पॅनकेकची जाहीर विक्री नुकतीच कोठे सुरू होत होती. फ्रँकने पुढे आपले नाव बदलून मॅक्स फॅक्टर असे घेतले, कारण गिऱ्हाइकांना त्या नावाचा एक माणूस दुकानात हवा होता. १९७३ मध्ये कंपनी कुटुंबाच्या हातातून गेली, पुढे आणखी मालक बदलले. हायलँड मार्गावरच्या त्या इमारतीत आता हॉलिवूडचे संग्रहालय आहे, आणि चेहरे मोजण्याचे ते यंत्र तेथे ठेवलेले आहे.